हात चौकटीबाहेर

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, बॅटरी लवकर दमते आणि थोडे काम केले की पाठ तापते.

कारखान्यात मला जोडले, तेव्हा रेघांचा कागद समोर धरून माझा कॅमेरा तपासला होता. पुढे पहिल्या मालकाने मला एका दुकानात विकले आणि तिथून कर्णबधिरांच्या एका छोट्या गटाच्या सचिवाने मला घेतले. तोही कर्णबधिर. म्हणून दुकानदाराने त्याला कागदावर लिहून दिले, "चेहरा स्वतः शोधतो, स्वतः जवळ जातो. तुम्ही काही करायचं नाही."

गटाची सभा दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरते. तिथे सगळे हातांनी बोलतात. पुस्तकांच्या थप्पीला टेकून मी बोलणाऱ्याचा चेहरा शोधी आणि इमानाने जवळ जाई. पंख्याची घरघरही मी अगदी स्वच्छ टिपली. ती कुणालाच नको होती. सभा संपली की सचिव व्हिडिओ गटावर टाकी, आणि तो न उघडताच सगळे अंगठा पाठवत.

खरोखर पाहणारे माणूस एकच होते, गटातल्याच शिवणकाम करणाऱ्या मावशी. खुब्याचे हाड मोडल्यामुळे त्या घरीच होत्या. मुलगा-सून मायाळू, पण त्यांच्या बोटांना 'जेवण', 'औषध' आणि 'झोप' यापुढची भाषा येत नव्हती. मनसोक्त गप्पा मावशींना मिळणार होत्या त्या फक्त माझ्यातून.

एके दिवशी त्यांचा निरोप आला, "सचिवसाहेब, महिनाभर नुसत्या भुवया बघतेय. मीही बाह्या आखूड करते, पण तुम्ही तर हातच कापलेत! मी येत नाही म्हणून माझ्याशी बोलणं बंद का?"

रविवारी छापखान्यातल्या काकांचे हात सचिवासमोर तावातावाने फिरले. "टाकण्याआधी बघत नाहीस का रे?"

"तुम्ही अंगठा कशाला दिलात मग?"

"मी सभेत होतोच की! परत तुझं तोंड कशाला बघू?"

सगळे हसले. शाळेतल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "महिनाभर तिच्याशी कुणी बोललेलं नाही," त्यांच्या हातांनी सावकाश सांगितले.

सचिवाने माझी चेहरा शोधण्याची सोय बंद केली आणि मला दूर, कपाटावर ठेवले. चेहरे बोराएवढे झाले. हात मात्र सगळे चौकटीत आले. बॅटरी शेवटच्या रेघेवर होती. मी कसाबसा टिकलो.

संध्याकाळी उत्तरादाखल मावशींचा व्हिडिओ आला. त्यात त्यांचा चेहरा नव्हताच. शिलाई मशीनपुढे दोन सुरकुतलेले हात होते, आणि ते थांबायलाच तयार नव्हते. या वेळी अंगठ्याची घाई कुणी केली नाही.

मित्रांनो, घरी अडकलेल्या माणसाला काही पाठवाल, तेव्हा आधी ते त्याच्या जागी बसून पाहा. आणि मला तेवढे चार्जिंगला लावा. मी दमलो आहे, पण मावशींचे अजून बरेच सांगायचे राहिले आहे.