समताच्या खात्यावरचे किलोमीटर

समता गेली हे सगळ्यांत आधी तिच्यासोबत पळणाऱ्या गोकुळला कळलं. तिच्या नवऱ्याला, अश्वजितला, ते पाऊण तासाने कळलं. अश्वजित एसटीत कंडक्टर. त्या रविवारी तो मेहकर-जालना गाडीवर होता. सिंदखेड राजाच्या स्टँडवर गाडी उभी असताना फोन वाजला.

"भाऊजी, ताई पळता पळता पडली. दवाखान्यात आणलं. तुम्ही या."

"शुद्धीवर हाय का?"

गोकुळ नुसता रडत होता. त्यावरून अश्वजितला कळलं.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी गोकुळने तिचं पळाल्याचं अंतर मोजणारं जीपीएसचं घड्याळ घरी आणून दिलं. "चालूच होतं, भाऊजी. दवाखान्यात मीच बंद केलं." अश्वजितने ते कपाटात ठेवलं. तेवढं एक बटण दाबायचं कामसुद्धा आपल्याकडे आलं नाही, हे त्याच्या मनात राहून गेलं.

लोणारला पहाटे पळणाऱ्यांचा सहा-सात जणांचा ग्रुप होता. समता आरोग्यसेविका, त्रेचाळीस वर्षांची. गोकुळ कृषी केंद्रवाला, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. हे दोघं कायम पुढे. अश्वजित सुट्टी असली की जायचा, पण दोन किलोमीटर झाले की चहाच्या टपरीवर बसायचा. ते दोघं घामाने भिजून, हसत परत यायचे. कशावर हसले ते विचारलं तर समता म्हणायची, "काही नाही हो, तिकडचंच." त्या दोघांत वावगं काही नव्हतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. असतं तर भांडता तरी आलं असतं.

ती गेल्यावर तो तिचा फोन चाळायचा. एकदा त्यात एका नव्या घड्याळाचा फोटो सापडला. तिने तो गोकुळला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'हे कसं आहे? जुन्याची बॅटरी चार तासांत संपते.' घरात तिने नव्या घड्याळाचा विषय एकदाच काढला होता. "आहे ते चालते ना?" असं तो म्हणाला होता. मग तिने पुन्हा काढला नाही.

आठ महिने झाल्यावर ग्रुपने ठरवलं, वर्षाच्या दिवशी समतासाठी बेचाळीस किलोमीटर पळायचं. मेहकर रस्त्याने एकवीस जायचं, एकवीस यायचं. तिची तीच तयारी चालू होती. अडतीसपर्यंत ती पोचली होती.

"भाऊजी, ताईचं घड्याळ मले द्या," गोकुळ म्हणाला. "मी घालून पळतो. ॲपमध्ये तिच्या खात्यावर बेचाळीस होऊन जाईल. चार तासांच्या आत बसवतो मी."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"ते बिघडलं," अश्वजित म्हणाला.

"द्या मग, दुरुस्त करून आणतो."

"फेकून देलं."

गोकुळचा चेहरा पडला. तो पडलेला पाहून अश्वजितला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

"मी पळतो बेचाळीस," तो म्हणाला.

रामराव गुरुजी ग्रुपमध्ये वयाने मोठे. ते हसले. "कंडक्टरसाहेब, तुम्ही पळान तर आम्ही मांगून गाडी घेऊन येतो. दमले की सिंगल बेल मारा."

पुढच्या सुट्टीला अश्वजित बुलढाण्याला गेला आणि फोटोतलं तेच घड्याळ घेतलं. दुकानातली पूनम नावाची मुलगी ते फोनला जोडून देत होती. "काका, नवीन खातं काढू का जुनंच ठेवू?"

त्याने समताचा फोन पुढे केला. "जुनंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तीन किलोमीटर पळाला. नऊ वाजता दाराशी मोटारसायकल थांबली. गोकुळ दुकान अर्धवट उघडं टाकून आला होता. तोंड पांढरंफटक.

"भाऊजी, ताई पळाली म्हणून आलं मले."

"काय?"

त्याने फोन दाखवला. स्क्रीनवर समताचा फोटो होता आणि खाली, 'समता आज सकाळी ३.१ किलोमीटर धावली.' तिने पळालेलं सगळं गोकुळच्या फोनवर जात होतं. चार वर्षं जात होतं. अश्वजितला याचा पत्ता नव्हता.

"मी तर शाबासकीचं बटणबी दाबून देलं," गोकुळ म्हणाला. "सवयीनं. मंग नाव वाचलं, तसाच निघालो."

अश्वजितने मनगट पुढे केलं. गोकुळने घड्याळ ओळखलं. "हेच पाह्यजे होतं तिले."

"माहीत हाय मले," अश्वजित म्हणाला.

"संगं पळू, भाऊजी. मी हळू पळतो."

"काही गरज नाही."

चार महिने तो एकटाच पळाला. ड्यूटीच्या आधी, ड्यूटीनंतर. वजन सात किलो उतरलं. प्रत्येक वेळी गोकुळची शाबासकी यायची. आली की त्याला राग यायचा, आणि एखाद्या दिवशी यायला उशीर झाला तर तो फोन पुन्हा पुन्हा बघायचा.

वर्षाच्या दिवशी बुद्धवंदना घेऊन सगळे निघाले. अश्वजित एकवीसवर वळला तेव्हा ठीक होता. सव्वीसला डावा गुडघा धरला. एकोणतिसाव्या किलोमीटरला तो बाभळीखाली बसला, आणि पुन्हा उठता येईना.

गोकुळ लोणारला केव्हाच पोचला होता. आपलं पुरं करून तो मिळेल त्या गाडीने परत मागे आला आणि लंगडत बाभळीपाशी पोचला. शेजारी बसून त्याने पाणी दिलं.

"घड्याळ द्या, भाऊजी. चालूच राहू द्या. उरलेलं मी घेऊन जातो. ताईचं होऊन जाईल."

त्याचे पाय थरथरत होते, तरी तो पळाला असता. अश्वजितला ते दिसत होतं. घड्याळात आकडे चालू होते. एवढं मनगटावरून काढून द्यायचं, की समताचं बेचाळीस पुरं होणार होतं.

त्याने बटण दाबून ते बंद केलं.

"काऊन, भाऊजी?" गोकुळने विचारलं.

"मांगच्या वेळी तू बंद केलं होतं," अश्वजित म्हणाला. मागून रामरावांची गाडी आली, तिच्यात दोघं बसले.

समताच्या खात्यावर त्या दिवसाचे एकोणतीस किलोमीटर आहेत. तेरा व्हायचे राहिले आहेत. जुनं घड्याळ फेकलेलं नाही, हे गोकुळला अजून सांगितलेलं नाही.