चौकटीतला गहू

सासरेबुवांच्या गव्हाची कीर्ती रस्त्यावरून जाणाऱ्यांनी वाढवली होती. सायकली थांबायच्या, माना वळायच्या आणि सासरेबुवा मिशीतल्या मिशीत हसायचे. एवढ्या हिरवेपणाचं गुपित म्हणजे युरिया, आणि त्या बाबतीत त्यांचा हात फार सढळ.

सूनबाईची नोकरी मात्र मातीतून निघणारे वायू मोजायची. "बाबा, जास्तीचं खत पिकाच्या अंगी लागतच नाही," ती म्हणाली. "त्यातलं काही वायू होऊन उडतं, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी हवा तापवतो. रस्त्याकडेचा पट्टा मला द्या. अर्ध्या खतात गहू येतो की नाही, बघू." ऑफिसातल्या साहेबांपुढे तिनं छातीठोक सांगून ठेवलं होतं. पट्टा फसला तर तिचं हसं होणार होतं. सासरेबुवांनी शब्द दिला.

तिनं पट्ट्यात ठिकठिकाणी पत्र्याच्या चौकटी रोवल्या. अधूनमधून येऊन ती त्यांवर उंच झाकण ठेवायची आणि सुईनं आतली हवा ओढून घ्यायची. "चौकटींना हात लावायचा नाही हं," तिनं बजावलं.

पुढे पट्टा फिकट दिसू लागला. शेजारी रस्त्यावरूनच ओरडला, "काय हो, सुनेनं गव्हाला उपास घडवलाय वाटतं?"

हे मात्र वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच सासरेबुवा घमेलं भरून पट्ट्यात शिरले. पण माणूस शब्दाचा पक्का! चौकटी आणि त्यांच्या भोवतीची हातभर जागा सोडून त्यांनी बाकी सगळीकडे युरिया फेकला. मोजमाप चौकटीत, म्हणजे प्रयोगही चौकटीतच, असं त्यांचं सरळ गणित.

पट्टा हिरवागार झाला. "चौकटींपाशीच फिकट का?" सूनबाईनं विचारलं.

"पत्र्याची सावली," म्हणत सासरेबुवा आभाळाकडे बघू लागले.

ओंब्या भरल्या आणि एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. वारा थांबल्यावर दोघं शेतात आले, तर गहू भुईसपाट. सूनबाई बांधावर मटकन बसली. "अर्ध्या खताचाही लोळला. असंच लिहावं लागणार," ती म्हणाली.

सासरेबुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याकडे बघवेना म्हणून त्यांनी शेतावर नजर टाकली आणि ते बघतच राहिले. सगळा पट्टा आडवा, फक्त चौकटींपाशी गहू ताठ उभा होता.

"सूनबाई, तसं लिहू नकोस. तो उभा आहे तो तुझा गहू. जास्तीच्या खतानं माजून लोळलाय तो माझा."

"बाबा! सावली म्हणाला होतात ना?"

"म्हणालो खरा. चोराच्या मनात चांदणं."

ती रागानं उठली, तरातरा चौकटीपाशी गेली आणि तिनं एक ओंबी हातावर चुरली. दाणे टपोरे निघाले. तिला हसू आवरेना.

तेवढ्यात शेजारी रस्त्यावर थबकला. "अहो, त्या मधल्या गव्हाला घातलंत तरी काय?"

सासरेबुवांनी खाकरून घसा साफ केला. "सुनेनं सांगितलं तेवढंच," ते म्हणाले, "आणि तेही फक्त तिथंच."