डॉक्टरसमोर न दुखणारा गुडघा

आमच्या ह्यांचा गुडघा घरी दिवसभर कुरकुरतो, पण डॉक्टर दिसला की शहाण्यासारखा गप्प बसतो. फौजेत असताना गाडी उलटून तो चेचला होता. भरपाईच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "त्रास होतो का?" हे छाती काढून म्हणाले, "अजिबात नाही, साहेब!" झालं! कागदावर अपंगत्व लागलं फक्त दहा टक्के.

मी अपील करायला लावलं आणि फेरतपासणीला स्वतः आत जाऊन बसले. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. माझं डोकंच फिरलं. मी उठले, वाकले आणि ह्यांच्या बुटाची लेस सोडली.

"बांधा आता."

"अगं, इथे? साहेबांसमोर?"

"इथेच. डॉक्टर, घरी अकरा वर्षं मीच बांधतेय."

हे वाकायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. टेबल धरून घामाघूम झाले. डॉक्टरांनी हसू दाबत गुडघा नीट तपासला आणि चाळीस टक्के लिहिले.

बाहेर बाकावर बसवून मी लेस बांधली आणि ह्यांना सुनावलं, "अहो, शत्रूसमोर छाती काढलीत ते शोभलं. डॉक्टरसमोर काढलीत, तो शुद्ध गाढवपणा!"