एकसष्ट चंडोल

कपाटात पक्ष्यांची एकशे त्रेचाळीस कातडी होती, आत कापूस भरून शिवलेली, आणि प्रत्येकाच्या पायाला एकेक चिठ्ठी. मी दोनदा मोजलं. पक्षी एकशे त्रेचाळीस, चिठ्ठ्याही तेवढ्याच. त्यातले एकसष्ट चंडोल.

हे सगळं काटेवाडीच्या म्हस्कूतात्यांनी जमवलेलं. लहानपणी ते मेंढरांमागं हिंडले, पुढं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवरून कऱ्हाटीपासून इंदापूरपर्यंतचे माळ धुंडाळले. बाहत्तरला शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा पक्षी टिपायची बंदूक जमा करून टाकली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की माळाची माती बदलते तसा चंडोलाचा रंग बदलतो. ते त्र्याण्णवला गेले. शहाण्णवच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका संग्रहालयानं मला इथं पाठवलं. तिथल्या सरांनी बजावलं होतं, "घारी-पोपट आपल्याकडं ढिगानं आहेत. चंडोल बघ. निम्मे तरी ठिकाण-तारखेसह पक्के असतील, तर सगळंच उचलू. तात्यांच्या नावाचं कपाट करू. नाहीतर नको." त्यातले बरेच माळ आता उसाखाली गेले होते. तिथून पुन्हा चंडोल मिळणार नव्हते.

तात्यांचा मुलगा दादासो एमआयडीसीतली रात्रपाळी करून नुकताच आला होता. दारातच मोटारसायकलला टेकून म्हणाला, "मॅडम, न्या एकदाचं. ही खोली कंपनीतल्या दोन पोरांना देतो म्हणून बोलून बसलोय. सोमवारी येत्यात. न्हाय नेलं तर पाटाकडंला खड्डा खणतो."

"गप रं," तात्यांच्या पत्नी बनाबाई आतून म्हणाल्या. "बाप कोण व्हता म्हणून तुला गावात वळखत्यात?"

"व्हय, वळखत्यात की. शाळंत पोरं मला चंडोलच म्हणायची."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पोरी, पाटीवर त्यांचं नाव लावत्यात न्हवं तितं?"

"ठेवून घेतलं तर लावतात, आजी."

दुसऱ्या खणात एक सुगरण होती. तिच्या पायाला चिठ्ठी होती: घार, मादी, इंदापूर, मार्च १९६१. मी शेजारचा खंड्या उचलला. त्याच्या चिठ्ठीवर टिटवी.

"आजी, या चिठ्ठ्या कुणी सोडल्या होत्या?"

"मीच की. त्यांच्या माघारी किडं लागलं. मग तुरी-हरभऱ्याला दावतो तसं दर चैतात बाजंवर टाकून ऊन दावलं. चिठ्ठ्या आदी सोडून डब्यात ठिवल्या. शाईला ऊन लागू द्यायचं न्हाय, ही त्यांची लई ताकीद. सांजंला परत बांधायच्या. पायाला एक, पायाला एक. मला वाचाय येत न्हाय, पर एक बी हरवू दिली न्हाय. तू मोजल्यास न्हवं? भरल्या का?"

"भरल्या."

सगळ्या चिठ्ठ्या सोडून मी पुन्हा सुरुवात केली. घारीची चिठ्ठी घारीला, टिटवीची टिटवीला. दुपारपर्यंत बाकीचे ब्याऐंशी बहुतेक मार्गी लागले. उरले चंडोल. तीन चैत्रांच्या उन्हानं ते सगळे एकाच रंगाचे झाले होते, जुन्या कडब्यासारखे. नर-मादी दिसायला सारखीच. चिठ्ठीवर तात्यांनी ठिकाण, तारीख आणि मिटलेल्या पंखाची लांबी लिहिली होती. आता जुळवायला ती लांबीच तेवढी उरली होती. पण पंख वाळला की एखाद-दोन मिलिमीटर आखडतो, आणि कित्येकांची टोकं किड्यांनी खाल्लेली. शिवाय सगळे अठ्ठ्याऐंशी ते सत्त्याण्णव मिलिमीटरच्या आतलेच. एकाच मापाचे सहा-सहा, सात-सात.

बनाबाई एकेक चंडोल उचलून माझ्या हातात देत होत्या. मी कर्कटक लावायची, पट्टीवर धरायची, बाजूला ठेवायची.

"ह्यो कुठला?"

"नाही कळत, आजी."

"कऱ्हाटीचा आसंल. तिकडं गेलं की दोन-दोन दिस परतायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी पाठ भरून आली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. दादासो झोपून उठला, चहाचे कप घेऊन आला आणि ढिगाकडं बघत उभा राहिला.

"मॅडम, बांधा की कुठली बी कुठल्याला. चंडोल त्यो चंडोल. तात्या काय उठून तपासणार हाईत व्हय? आन तुमचं पुण्याचं साहेब तरी कशावरनं वळखणार?"

त्याचं खरं होतं. कुणालाही कळलं नसतं. हातातला चंडोल बनाबाईंनी माझ्यापुढं धरूनच ठेवला होता. मी तो घेतला आणि मोजला. ब्याण्णव. ब्याण्णवच्या आसपासच्या अकरा चिठ्ठ्या समोर होत्या. मी त्याला न जुळलेल्यांत ठेवला.

अंधार पडायच्या आत दादासोनं मला मोटारसायकलवरून बारामतीला एसटीडी बूथवर नेलं. निघताना बनाबाईंनी विचारलं, "काय सांगणार हाईस त्यास्नी?" मी म्हटलं, "जुळले तेवढे सांगणार, आजी."

सरांनी लगेच फोन उचलला. मी आकडा सांगितला.

चंडोल एकसष्ट. पक्के जुळलेले नऊ.