इथपर्यंत पाहिला

सिनेमा पूर्ण उतरेपर्यंत बाबांना कधी धीर निघाला नाही. डाउनलोडची पट्टी दहा-बारा टक्क्यांवर आली की त्यांची खुर्चीत चुळबुळ सुरू व्हायची. मग ते त्या अर्धवट फाइलची एक नक्कल काढायचे आणि ती बघायला बसायचे. मूळ फाइल मागे आपली उतरत राहायची. चित्र मध्येच गोठलं की तोवर उतरलेल्या भागाची नवी नक्कल काढायची, जिथे थांबलो त्या मिनिटाला जायचं आणि पुढे बघायचं. एका सिनेमाच्या अशा पाच-सहा नकला व्हायच्या. मधल्या वेळात ते आईला शेवट सांगून मोकळे व्हायचे. खुनी डॉक्टरच आहे, लाव पैज. खुनी डॉक्टर कधीच नसायचा, पण ते कळेपर्यंत त्यांचा रस संपलेला असायचा. "माझा शेवट त्यांच्यापेक्षा बरा आहे," म्हणायचे आणि पुढचा सिनेमा उतरवायला लावायचे.

मी ग्रंथालयात सूचीकार आहे. आलेल्या पुस्तकाची पानं मोजायची, परिशिष्टं तपासायची, मग नोंद करायची. अपुरं पुस्तक मी टेबलावरसुद्धा ठेवून घेत नाही. मासिकात क्रमशः येणारी कादंबरी शेवटचा अंक हाती येईपर्यंत उघडत नाही. त्यातल्या दोन तर लेखकच मध्ये वारल्यामुळे अजून उघडायच्या आहेत.

"बाबा, तासभर थांबा की. पूर्ण झाल्यावर नीट बघा," मी म्हणायची.

"थांबून काय करू? तुझ्यासारखी सूची करत बसू?"

बाबा गेले त्याला दोन महिने झाले. या काळात मी दुःखावरची चार पुस्तकं आणली आणि चारही वाचून संपवली, तळटिपांसकट. एकाची निर्देशसूची सदोष होती. प्रकाशकाला तसं पत्र लिहिलं. रडण्याचं म्हणाल, तर ते पुढच्या आवृत्तीवर ठेवलं होतं.

अशात बॉबिनचा निरोप आला. बॉबिन म्हणजे बाबांचा विद्यार्थी. बाबा तंत्रशाळेत शिलाई मशीन दुरुस्ती शिकवायचे, आणि हा वर्गात मशीनमधल्या गरगर फिरणाऱ्या रिळासारखा, एका जागी ठरायचा नाही म्हणून त्यांनीच त्याला त्या रिळाचं हे नाव ठेवलं. आता तो चाळिशीला आलाय, त्याच शाळेत शिकवतो, आणि फोनवर स्वतःहून "मी बॉबिन" म्हणतो. बाबांचा निवृत्तीआधीचा शेवटचा वर्ग त्याने कॅमेऱ्यावर घेतला होता. एक अख्खी मशीन खोलायची आणि पुन्हा जोडायची, अडीच तास. "ताई, फाइल मोठी आहे, चौदा जीबी. लिंक पाठवतोय, पण ती सातच दिवस चालेल. सातव्या दिवशी सहाला बंद," असं त्याने लिहिलं होतं. खाली सरांबद्दल चार ओळी होत्या. चांगल्या होत्या, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

सहा दिवस मी त्या लिंकला हात लावला नाही. पहिल्या दिवशी इंटरनेटचा वेग कमी होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गठ्ठा आला होता. तिसऱ्या दिवशी वेग चांगला होता, म्हणून संशय आला. चौथ्या ते सहाव्या दिवसांची कारणं मी अजून तयार करते आहे. खरं कारण एका ओळीचं होतं. फोटोत बाबा गप्प असतात. तेवढं मला जमत होतं. ते बोलायला लागले की माझं काय होईल, हे मला माहीत नव्हतं.

सातव्या दिवशी, रविवारी, आईकडे गेले. माझा लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर बाहेरचं काही उतरवायला मनाई. बाबांचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता तसाच होता. दुपारी एकला मी डाउनलोड सुरू केलं. मोकळी जागा सोळा जीबी, फाइल चौदा. साडेपाचपर्यंत सगळं उतरेल असं आकडा सांगत होता. माझ्या मनासारखं झालं: साडेचार तास कुणी मला काही बघायला सांगणार नव्हतं.

आई सव्वातीनला हात पुसत आत आली. "किती झालं?"

"पन्नास टक्के."

"मग लाव."

"आई, पूर्ण होऊ दे. साडेपाचला नीट बघू."

"त्यांनी आजवर कधी पूर्ण होऊ दिलंय? कर ती नक्कल. मला दिसतं ना गं, आत ते बसलेत अन् मी बाहेर भांडी घासतेय."

यावर चार पुस्तकांपैकी एकातही उत्तर नव्हतं. मी नक्कल काढली. बाबांनी हे हजारदा केलं असेल; मला दोनदा खात्री करावी लागली की मूळ फाइलला धक्का लागत नाहीये. सात जीबीची नक्कल तयार झाली. आता फक्त तिच्यावर टिचकी मारायची होती.

मी म्हटलं, "आधी चहा घेऊ."

चहा केला. मग आईचा चष्मा शोधला. मग पडदा पुसला, दुसरी खुर्ची आणली, ती डुगडुगत होती म्हणून तिच्या पायाखाली घडी घातलेला कागद सरकवला, आणि कप विसळले. कप वाळत ठेवून परत आले तर आई पडद्याकडे बोट दाखवत होती.

"हे लाल काय आलंय?"

डिस्कवर जागा शिल्लक नाही. डाउनलोड थांबले. चौसष्ट टक्के.

हिशेब अगदी साधा होता आणि मी तो केला नव्हता. सोळा जीबीत चौदाची फाइल मावते, तिच्यासोबत सातची नक्कल मावत नाही. चार वाजायला दहा मिनिटं होती. सहाला लिंक बंद. उरलेला भाग उतरायला दीड तासाहून जास्त लागणार होता.

"घाबरू नकोस," मी आईला म्हटलं. ती अजिबात घाबरलेली नव्हती. "आत्ता काढली ती नक्कल पुसून टाकते. जागा होईल. मग सहाला पूर्ण फाइल बघू."

"आणि हे सगळं काय आहे?" आईने बाबांचा फोल्डर दाखवला.

तो फोल्डर मला चांगला ठाऊक होता. त्यात बाबांच्या अर्धवट नकला होत्या. पूर्ण झालेले सिनेमे ते पुसून टाकत, नकला पुसायच्या मात्र विसरत. सदतीस फाइली. नावं त्यांनीच दिलेली: 'इथपर्यंत पाहिला', 'अजून थोडा', 'अजून थोडा दोन', 'जहाज बुडायच्या आधी', 'हिला आवडला नाही'. ते गेले त्या आठवड्यात मी या सगळ्यांची यादी केली होती. नाव, आकार, किती मिनिटांवर तुटतो, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी सदतीस वेळा 'अपूर्ण' असं लिहिलं होतं.

"त्या बाबांच्या आहेत," मी म्हटलं.

"सिनेमे आहेत ना?"

"अर्धे."

"मग काढ की. जागा होईल."

"आई, ती नावं त्यांनी लिहिली आहेत. एकदा पुसलं की गेलं."

आईने चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि परत घातला. "म्हणजे ज्यात ते स्वतः बोलतायत ते पुसायला निघालीस, आणि कुणाची तरी अर्धी मारामारी सांभाळून ठेवणार? माणूस काढतेस आणि रद्दी ठेवतेस?"

मी काहीतरी म्हणणार होते. जतन, मूळ प्रत, असे दोन-तीन शब्द माझ्याजवळ नेहमी असतात. ते तोंडापर्यंत आले आणि मला माझाच आवाज ऐकू आला: वाचनालयात कुजबुजणाऱ्या मुलांना गप्प करणाऱ्या बाईचा. नक्कल पुसली असती तर मला आणखी दोन तास मिळाले असते. सदतीस फाइलींशी त्याचा काही संबंध नव्हता.

"तू वाच नावं," आई म्हणाली. "मी सांगते. मग काढ."

"जहाज बुडायच्या आधी."

"जहाज बुडतच नाही त्यात. यांनीच बुडवलं होतं. काढ."

"हिला आवडला नाही."

"मला आवडला होता! मधूनच बंद केला, म्हणे तू जांभई दिलीस. काढ, काढ."

"अजून थोडा."

"हा कुठला?"

"माहीत नाही. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तुटतो."

"तुला कसं ठाऊक?"

"यादी केली आहे."

"देवा रे," आई म्हणाली. "बापाला धीर नाही आणि लेकीला घाई नाही. मधला माणूस मला मिळालाच नाही."

बाविसाव्या फाइलपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. त्यानंतर आईने एकेक ऐकणं सोडलं आणि म्हणाली, "आता सगळं एकदम." मी सगळं एकदम निवडलं. बटण दाबायला माझ्या बोटाला वेळ लागला, पण दाबलं. 'पुन्हा सुरू करा' वर टिचकी मारली. पट्टी थोडा वेळ विचारात पडली आणि पासष्ट टक्क्यांवर सरकली.

तेवढ्यात फोन वाजला. "ताई, मी बॉबिन. लिंक आज संपतेय ना, म्हणून म्हटलं विचारावं. मिळाली का फाइल?"

"उतरते आहे. सहापर्यंत व्हायला हवी."

"अहो, नाही झाली तर नाही झाली. उद्या परत टाकतो. फाइल माझ्याकडेच आहे, कुठे जातेय? पाहिजे तर पेन ड्राइव्हवर आणून देतो, काकूंनाही भेटणं होईल."

मी रिकाम्या फोल्डरकडे बघत होते. सात दिवसांत एक ओळ लिहिली असती, 'मुदत वाढवता येईल का', तर सदतीस फाइली आज जागेवर असत्या. पण ती ओळ लिहायची तर आधी त्याच्या चार ओळींना उत्तर द्यावं लागलं असतं.

"ताई? ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हटलं. "तू सरांबद्दल जे लिहिलं होतंस ते वाचलं. उत्तर द्यायला उशीर झाला."

"असू दे हो. सर म्हणायचेच, आमची मुलगी सावकाश, पण पक्कं काम."

आईने माझ्या हातातून फोन घेतला, "बाळा, आम्ही आता बघायला बसतोय, मग बोलू," असं सांगून बंद केला, आणि माऊसकडे मान हलवली. मी टिचकी मारली.

आधी टेबल दिसलं. टेबलावर शिलाई मशीन. मग एक हात आला, तिच्यावर नुसताच ठेवलेला. नखात तेलाची काळी रेघ. मग बाबा.

"ही मशीन मी घरून आणली आहे," बाबा म्हणाले.

"न विचारता," आई म्हणाली. "तीन दिवस माझं शिवण पडून होतं."

हसताना त्यांचं पुढचं वाक्य निसटलं. मी दहा सेकंद मागे गेले.

"ही मशीन मी घरून आणली आहे."

"आणि परत आणली तेव्हा एक स्क्रू कमी होता! विचार त्यांना."

"आई, थांब ना. पुढे काय म्हणतात ते ऐकू दे."

"मी कुठे काय बोलतेय?"

पुन्हा दहा सेकंद मागे. या वेळी आई गप्प बसली, तर माझंच नाक वाहत होतं आणि त्याचा आवाज मध्ये आला. आईने पदर पुढे केला, मी त्यात नाक पुसलं, या वयात. पुन्हा मागे गेले. मशीन, हात, बाबा.

"ही मशीन मी घरून आणली आहे," बाबा म्हणाले, मग वर पाहिलं. "कुणीतरी तो पंखा बंद करा बरं. काही ऐकू येत नाही."

आई उठली आणि तिने आमच्या खोलीतला पंखा बंद केला.