घरचा पंप

"पंप ठणठणीत आहे," आमचे हे म्हणाले आणि तो ठणठणीत पंप पुन्हा उघडून बसले.

अंगणभर नटबोल्ट आणि नळ्यांचा पसारा. दुसऱ्यांचे पंप दुरुस्त करण्यात यांचा जन्म गेला. घरचा नळ महिनाभर गळला तरी यांना ऐकू येत नाही. हे काम मात्र यांनी मनापासून केलं होतं. बागेला पाणी घालताना पाइपात पाय अडकून सासरे पडले, त्याचा यांनी धसकाच घेतला. कठड्यावर सोलरचं पॅनेल बसवलं, कुंड्यांवरून बारीक नळ्या फिरवल्या. ऊन पडलं की पंप आपोआप सुरू आणि झाडांवर धुक्यासारखे फवारे. बॅटरी नाही, बटण नाही.

"बाबा, आता तुम्ही नुसतं बसून बघायचं," हे म्हणाले होते.

तिथंच चुकलं. एवढ्या हुशार माणसाला एवढं कळू नये?

थोड्याच दिवसांत फवारे बंद पडायला लागले. झाडं ओली दिसायची, पण पंपाच्या हौदातलं पाणी जागच्या जागी. यांनी नळ्या फुंकल्या, वायर बदलली, पॅनेल विकणाऱ्या दुकानदाराचा उद्धार केला. चोर सोडून संन्याशाला सुळी! गंमत म्हणजे सुट्टीला हे घरी असले की पंप शहाण्या मुलासारखा चालायचा.

"लोकांचे पंप चालू करून येतो आणि घरचा ऐकत नाही," असं म्हणून हे एकदा भरल्या ताटावरून उठले. मला फार वाईट वाटलं.

कारण मला सगळं माहीत होतं. हे कामावर गेले की सासरे आंघोळीचा ओला टॉवेल पिळून पॅनेलवर पसरायचे. वाळत घालायची दोरी हाताशी रिकामी असताना! चारही कोपरे ओढून, सुरकुत्या काढून. मग झारी घेऊन एकेका कुंडीपाशी उभे राहायचे, झाडांना रागवायचे, समजवायचे. हे यायच्या आत टॉवेल घडी होऊन कपाटात.

"बाबा, पुन्हा पडाल," मी एकदा म्हटलंच.

"पडेन. पण सूनबाई, खुर्चीत बसून दिवसभर मी करू काय? त्याला सांगू नकोस."

मी मिठाची गुळणी धरली. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही कीव यायची.

एका दुपारी हे नट आवळायचे पाने विसरले म्हणून परत आले आणि फाटकातच थबकले. पॅनेलवर टॉवेल. बाबा पाठमोरे, हातात झारी, जास्वंदीशी काहीतरी पुटपुटत. आता यांच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी दारात जीव मुठीत धरून उभी. यांनी टॉवेलकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाने न घेताच आल्या पावली परत गेले.

संध्याकाळी म्हणाले, "मोटार जळली. आता नाही व्हायची."

दुसऱ्या दिवशी यांनी तो लांब पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला आणि सगळ्या कुंड्या कमरेइतक्या उंच कट्ट्यावर मांडल्या, बाबांना वाकावं लागू नये म्हणून.

मग एक दिवस बाबांना तपासायला त्यांचे डॉक्टर आले. त्यांना दवाखान्याच्या बागेत असेच फवारे बसवून हवे होते. काम मोठं होतं.

"बंद?" डॉक्टर म्हणाले. "तुमच्या हातचा पंप बंद पडतो?"

बाबा झारी घेऊन तिथंच उभे होते.

"नाही जमला मला," हे म्हणाले. "कुठं चुकलं तेच कळलं नाही."

डॉक्टर दुसरं कोणी तरी बघतो म्हणाले आणि गेले.

बाबांच्या हातातली झारी तिरकी होईना. ते मुलाकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. हे खाली बघून चपला घालत होते.

"बाबा," हे म्हणाले, "कोपऱ्यातला गुलाब राहिला."