वडाच्या वळणावरची मोजणी

सकाळी सहाला कुरकुंभ एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, वडाच्या वळणाशी, सायकलींची मोजणी सुरू झाली. पाऊण तासात सायकली गेल्या फक्त चार.

सरपंच गौतमीनं पुन्हा घड्याळ पाहिलं. रस्त्याकडेनं वेगळा सायकलमार्ग व्हावा म्हणून तिनं वर्षभर जिल्ह्याला खेटे घातले होते. निधी एकाच रस्त्याला मिळणार होता. दुसरा दावेदार शिरूर तालुक्यातला, तळेगाव ढमढेऱ्याकडचा. जिथं सायकली जास्त, तिथं मार्ग. गौतमीचा नवरा सम्राट याच रस्त्यानं रोज सायकलवर कंपनीत जायचा. गेल्या थंडीत एका टँकरनं त्याला चारीत उडवलं होतं. खांद्यात स्टीलची पट्टी बसवून घेतली आणि गडी पुन्हा त्याच सायकलवर, त्याच रस्त्याला.

धुकं इतकं दाट होतं, की पलीकडचा ऊस दिसत नव्हता. त्यातून बाहेर येत होत्या त्या मोटारसायकलीच. एकेकीवर तिघं तिघं, इस्त्रीचे शर्ट, केस चापून बसवलेले.

"सरपंच, तुमच्या अर्जातल्या सायकली कुठं आहेत?" मोजणीला आलेल्या अभियंता राजश्रीमॅडमनी विचारलं.

गौतमी काही बोलणार, तोच गावचे जाणते हरिबाआप्पा पुतण्याच्या बुलेटवर मागं बसून आले. परीटघडीचं धोतर, डोक्याला नवा फेटा.

"आप्पा, तुमची सायकल कुठंय?"

"सायकल? आगं, जिल्ह्याचे सायेब रस्ता बगाय येणार, आन् मी त्या खटाऱ्यावर येऊ व्हय? गावाला काय इज्जत हाय का न्हाई?"

"आवो, सायकलीच मोजायच्यात!"

"ते भोंग्यावर कुठं सांगितलंस? पाहणी हाय, म्हणालीस. मग म्या घरोघर फिरलो. ज्याला गाडी न्हाई, त्याला पाव्हण्याची मिळवून दिली." आप्पांनी मिशीला पीळ भरला. "एकबी माणूस सायकलवर दिसणार न्हाई, बघ."

काल रात्री साडेनवाला गावच्या भोंग्यावर बोलली होती ती स्वतःच. गौतमीला हसावं की रडावं कळेना.

सात वाजले. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "वेळ संपली. मी तरी काय करणार?"

गाडीचं दार उघडायला त्या वळल्या आणि थांबल्या. कुरकुंभच्या बाजूनं आवाज येत होता. इंजिनाचा नव्हे, साखळ्यांचा, सैल मडगार्डांचा, बारीक, सलग. मग धुक्यात चंदेरी पट्ट्या लकाकल्या. कंपनीच्या जाकिटांवरच्या पट्ट्या. आधी दोन, मग दहा, मग सगळं धुकंच त्यांनी भरून गेलं.

थर्ड शिफ्ट, रात्रपाळी, सुटली होती. ती माणसं काल रात्री भोंग्यावर सांगण्याच्या आधीच कामावर गेली होती. त्यांच्यापर्यंत आप्पांची इज्जत पोचलीच नव्हती.

सायकली येतच राहिल्या. हँडलला डबे, कॅरिअरवर जेवणाच्या पिशव्या, कानाला गुंडाळलेले मफलर. गावातले होते, वाड्यावस्त्यांवरचे होते, भाड्याच्या खोल्यांत राहणारे बिहारचे, ओडिशाचे होते. "मॅडम, साइड!" कोणीतरी हाकारलं. मॅडम मागं सरकल्या. त्यांनी पुन्हा पेन उघडून मोजायला सुरुवात केली, थोड्या वेळानं सोडून दिलं आणि नुसत्या बघत राहिल्या. समोरून उसाचा ट्रक आला, तशी ती अख्खी रांग न बोलता मातीत उतरली आणि ट्रक गेल्यावर पुन्हा डांबरावर चढली.

गौतमीनं हे कधी पाहिलं नव्हतं. या वेळी ती चुलीशी असायची. तिला ठाऊक होता तो फक्त दारात लागणाऱ्या एका सायकलच्या स्टँडचा आवाज. त्या एका आवाजामागं एवढा मोठा रस्ता चालत येत होता.

आप्पांनी फेटा काढून हातात घेतला होता. "आयला," ते हळूच म्हणाले, "मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो, तवाच असं बघितलेलं."

सम्राट रांगेच्या मधोमध होता, दुखरा खांदा जरा वर धरलेला. "सरपंचबाई, रस्त्यात काय उभ्या? चहा कोण टाकणार?" आसपासचे खदखदून हसले. तो थांबला नाही. थांबला असता तर मागचे त्याच्यावर आदळले असते.

"सातनंतरचा आकडा मला धरता येत नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पण पाहिलेलं शेऱ्यात लिहीन."

त्यांनी शेरा लिहिला. जिल्ह्याची बैठक दोनदा पुढं गेली आहे. तळेगावचा आकडा वेळेत, नियमात आहे. शेरा कोणी वाचला का, ते अजून कळलेलं नाही. काल रात्री नवाच्या सुमाराला सम्राट थर्ड शिफ्टला गेला. सायकलवर.